वायपर-पुराण

लागतं काय, तर हातभर रबर. त्यासाठी नऊ दिवस, तीन दुकानं आणि एक चुकलेलं पार्सल! परतीच्या पावसात राहात्याला घडलेली ही गोष्ट. गाडीची आहे. निदान मला तरी आधी तसंच वाटलं होतं.

कुईंऽऽ... खट्. कुईंऽऽ... खट्.

सप्टेंबर 2025 मधली एक रात्र. नगर-मनमाड रोडवर कोल्हारचा पूल ओलांडला आणि पाऊस असा काही कोसळायला लागला की बस्स! आमची पांढरी हॅचबॅक, वय वर्षं 14. स्टिअरिंगवर अण्णा, शेजारी मी, मागे आई आणि आईच्या मांडीवर नगरच्या मावशीनं भरून दिलेला डबा. वायपर जिवाच्या आकांतानं हलत होता, पण काच पुसायची सोडून तिच्यावर पाणी सारवत होता. ड्रायव्हरच्या बरोब्बर डोळ्यांसमोर धनुष्याच्या आकाराचा एक धुरकट पट्टा. समोरून ट्रकचा फोकस आला की तो पट्टा पेटल्यासारखा व्हायचा आणि पुढचा रस्ता गायब.

बाभळेश्वरच्या अलीकडे अण्णांनी गाडी एकदम कडेला घेतली. इंडिकेटर लावला आणि गप्प बसून राहिले.

आता यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. तर अण्णा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर आहेत. 31 वर्षं सर्व्हिस. विनाअपघात सेवेबद्दल सत्कार झालेला, त्याचा फोटो आमच्या हॉलमध्ये देवाच्या फोटोच्या शेजारी आहे. पाऊस आला म्हणून थांबलेले अण्णा मी जन्मात पाहिले नव्हते.

"काय झालं अण्णा?"

"हा वायपर गेलाय. काय दिसंना."

"मी चालवू का?"

"तू? आणि या पावसात?"

विषय संपला. वीस मिनिटांनी पाऊस ओसरला, आम्ही पंचवीसच्या स्पीडनं घरी पोहोचलो. झोपायच्या आधी मी डिक्लेअर करून टाकलं, "उद्या वायपर बदलायचा. ती जबाबदारी माझी."

पाऊस कमी, ऊन भारी

राहाता कुठं आलं, असं पुण्या-मुंबईचे मित्र नेहमी विचारतात. तुम्ही नगरमार्गे शिर्डीला गेला असाल, तर आमच्या गावातून गेलेला आहात. रस्त्याच्या कडेला पेरूचे ढीग दिसले आणि 'शिर्डी आलंच आता' असं कुणीतरी गाडीत म्हणालं, की समजायचं हे राहाता. साईबाबा शिर्डी सोडून फारसे कुठे जात नसत, पण राहात्याला खुशालचंद शेटजींकडे यायचे, असं साईसच्चरितात आहे. आम्हा राहातेकरांना एवढा एक भाव खायला पुरतो.

पण पावसाच्या बाबतीत भाव खावा असं काही नाही. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. सह्याद्री ढगांना तिकडेच पिळून घेतो आणि आमच्याकडे उरलंसुरलं येतं. जूनमध्ये आभाळाकडे बघायचं, जुलैमध्ये भुरभुर आणि खरा काय तो पाऊस सप्टेंबरमध्ये, परतीचा. मग इथल्या गाड्यांचे वायपर वर्षातले आठ-नऊ महिने करतात काय? तर उन्हात भाजत पडतात! एप्रिल-मे मध्ये काच अशी तापते की हात ठेवता येत नाही. त्या काचेला चिकटून रबर वाळतं, कडक होतं, त्याची धार चिरते. म्हणजे कोकणातला वायपर काम करून करून मरतो आणि आमचा बसून बसून. रिकामटेकडेपणाचे तोटे, दुसरं काय!

गंमत म्हणजे ती 'कुईं' सुद्धा याच कडकपणाची. वायपरच्या रबराची कड जिभेसारखी मऊ असावी लागते. एका बाजूनं जाताना ती एका अंगाला झुकते, परत येताना चटकन दुसऱ्या अंगाला पलटते. रबर कडक झालं की ती पलटतच नाही. खरवडत, उड्या मारत जाते आणि कुईं-कुईं ओरडते. मधेच बारीक रेघा राहत असतील, तर रबराला चीर पडलीये किंवा कचरा अडकलाय. आणि अख्खा पट्टाच धुरकट राहत असेल, तर तिथे रबर काचेला नीट टेकतच नाहीये. हे सगळं ज्ञान मला नंतर मिळालं. त्या रात्री माझ्याकडे फक्त मोबाइल होता.

कार्ट, कूपन आणि कॅन्सल

मोबाइल असला की आपल्या पिढीला काय, जग जिंकल्यासारखंच वाटतं. 'वायपर' टाइप केलं आणि समोर जो काही बाजार उघडला, तो बघून झोपच उडाली. फ्रेमवाले, बिनफ्रेमचे, हायब्रिड, सिलिकॉनचे, ग्रॅफाइट कोटिंगचे! जोडीला अडीचशेपासून अठराशेपर्यंत. एक पंचतारांकित रिव्ह्यू म्हणतोय 'सॉलिड प्रॉडक्ट', त्याच्याच खाली दुसरा म्हणतोय 'पैसे पाण्यात'. वायपरच्या बाबतीत पैसे पाण्यातच जाणार ना बाबा!

आधी पुण्यातल्या एका मैत्रिणीला कामाला लावलं. ती तिच्या ऑफिसजवळच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेली. तिथल्या मुलानं बिनफ्रेमची 'प्रीमियम' जोडी काढून दिली आणि बिल सांगितलं 1400. गाडीची आजची किंमत बघता हे म्हणजे जुन्या गोधडीला जरीचे काठ. म्हटलं, राहू दे.

मग एका अ‍ॅपवर 'युनिव्हर्सल फिट' अशी जोडी सापडली. 349 रुपये, वर कूपन लावून 50 कमी. मी स्वतःवर जाम खूश. चार दिवसांनी पार्सल आलं. यूट्यूबवर व्हिडिओ लावला, जुने वायपर ओढून काढले (त्यात एक नख तुटलं), नवे लावले, स्विच ऑन केला... आणि दोन्ही वायपर मधोमध येऊन एकमेकांवर आपटले. खाट्! जणू लेझीमच.

का? तर पार्सलमध्ये दोन्ही 22 इंची होते. आणि आमच्या गाडीला एक मोठा आणि एक लहान लागतो, हे मला माहीतच नव्हतं. बहुतेक गाड्यांना तसंच असतं. ड्रायव्हरच्या बाजूचा लांब, शेजारचा आखूड. दोघांनी आपापला भाग पुसायचा, दुसऱ्याच्या वाटेत यायचं नाही. इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी ती काच बघतेय, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

परत करायला गेले तर 'तुमच्या पिनकोडवर पिकअपची सोय उपलब्ध नाही'. आणून द्यायला पिनकोड चालतो, घेऊन जायला चालत नाही!

अण्णा ओट्यावर बसून हा सगळा तमाशा बघत होते. म्हणाले, "आमच्या टायमाला एवढं नव्हतं बाई. काच खराब झाली की तंबाखू चोळायची."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाही. ओली तंबाखू किंवा चिरलेला बटाटा काचेवर चोळला की पाण्याचे थेंब गोळा न होता पसरून खाली वाहतात आणि थोडा वेळ बरं दिसतं. पूर्वीच्या ट्रकवाल्यांचा आणि एसटीवाल्यांचा हा खास फंडा. अण्णा सांगायला लागले की थांबत नाहीत. वायपर बंद पडला की कंडक्टर पेपरचा बोळा घेऊन उतरायचा, काच पुसायचा आणि पॅसेंजर आतून टाळ्या वाजवायचे. 1 जून 1948 ला पहिली एसटी धावली तीच मुळी पुणे-नगर. त्याच रोडवर अण्णांनी निम्मी सर्व्हिस काढली. वळण आणि वळण पाठ. "डोळे झाकून चालवीन," हे त्यांचं पेटंट वाक्य.

त्या संध्याकाळी ते वाक्य ऐकून मी हसले होते.

'ताई, मॉडेल कोणतं?'

शेवटी गावातच बाहेर पडले. हायवेला लागून स्पेअर पार्टची दुकानं आहेतच. पण बहुतेक माल ट्रॅक्टरचा, पिकअपचा आणि मोटरसायकलचा. पहिल्या दुकानात पंप, पट्टे आणि ग्रीसचे डबे. वायपर म्हटल्यावर त्यानं ट्रॅक्टरला वायपर? अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दुकानात काउंटरवर साधारण माझ्याच वयाचा मुलगा.

"दादा, वायपर पाहिजे होते."

"गाडी कोणती ताई?"

सांगितली.

"मॉडेल? साल?"

"पांढरी आहे," मी म्हणाले.

तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. म्हणाला, "ताई, माप घेऊन या. टेपनं रबर मोजा. दोन्ही बाजूचं वेगवेगळं. आणि जिथं वायपर अडकतो तो हूक कसाय, त्याचा फोटो काढा."

घरी येऊन आईची शिवणाची टेप घेतली. ड्रायव्हरची बाजू 20 इंच, दुसरी 16. हूक इंग्रजी 'यू'सारखा. दोन मिनिटांचं काम! हेच आठवडाभर आधी केलं असतं तर?

परत गेल्यावर दादानं काउंटरवर तीन प्रकार मांडले. एक गाडीच्या कंपनीच्या नावाचा, दोन्ही मिळून 620. दुसरा नावाजलेल्या पार्ट कंपनीचा, 480. तिसरा 'लोकल', 220. आणि मग त्यानं मला जे समजावलं, ते कुठल्याही रिव्ह्यूत नव्हतं. पॅकिंगवर एमआरपी आणि पत्ता नीट छापलाय का बघायचं, कारण वायपरमध्ये डुप्लिकेट माल भरपूर. रबर दोन बोटांत धरून वाकवायचं. मऊ लवलं पाहिजे, लगेच सरळ झालं पाहिजे. आणि नुसतं नवीन दिसतंय म्हणून घ्यायचं नाही. वायपर दुकानात दोन-तीन वर्षं टांगलेला असला तरी रबर म्हातारं होतंच.

"पण ताई, एक विचारू? तुमच्या जुन्या वायपरची फ्रेम तुटलीय का?"

"नाही, फक्त ओरडतोय."

"मग पूर्ण वायपर कशाला घेता? नुसतं रबर बदला. माझ्याकडं संपलंय. पुढं मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं मिळंल."

समोर आलेलं 480 रुपयांचं गिऱ्हाईक त्यानं स्वतःहून पुढच्या दुकानात पाठवलं. आता बोला!

शंभर रुपयांत दोन

मिस्त्री म्हणजे साठीचे चाचा. पत्र्याचं शेड, लिंबाची सावली, एका जीपचं इंजिन जमिनीवर उघडून ठेवलेलं. जुने वायपर मी पिशवीतून नेलेच होते. चाचांनी फ्रेम उलटसुलट करून बघितली, सांध्यात बोट घालून हलवली. "फ्रेम एकदम चांगली आहे. ही फेकायची नाही." आतून त्यांनी काळ्या रबराची एक लांबलचक पट्टी आणली, माझ्या मापाला ब्लेडनं कापली. जुन्या रबराच्या पोटातून दोन बारीक स्टीलच्या पट्ट्या ओढून काढल्या, पुसल्या आणि नव्या रबराच्या खाचेत बसवल्या. या पट्ट्यांमुळे रबर सगळीकडे सारखं दाबलं जातं. त्या उलट्या बसल्या की नवं रबरही पट्टे सोडतं. मग फ्रेमच्या नख्यांतून रबर सरकवत नेलं आणि शेवटच्या नखीत टक् करून अडकवलं. एका वायपरला पाच मिनिटं.

"किती झाले चाचा?"

"पन्नास-पन्नास. शंभर द्या."

1400 वरून 100! मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

वर फुकटचा क्लासही घेतला. काचेवर धूळ असताना कोरडा वायपर कधी फिरवायचा नाही. धूळ घासली जाते आणि काचेवर कायमच्या रेघा येतात. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं रबर पुसायचं, निम्मी 'कुईं' तिथंच थांबते. गाडी उन्हात लावायची असेल तर तोंड सावलीकडे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायपर काढल्यावर त्याचा दांडा उभा ठेवला असेल तर काचेवर जाड टॉवेल पसरायचा. दांडा स्प्रिंगचा असतो. सटकून आपटला तर शंभर रुपयांच्या रबरापायी काही हजारांची काच!

"पण एक सांगू का बेटा," चाचा हात पुसत म्हणाले, "तुझे अण्णा मागच्या महिन्यात पण आले होते. काच धूसर दिसते म्हणून. मी पॉलिश करून दिली. काच चांगलीच होती."

मी मान हलवली आणि घरी आले. शंभर रुपयांच्या आनंदात ते वाक्य कानावरून गेलं.

मेरीबाई आणि कर्न्ससाहेब

त्या रात्री विजयोत्सव म्हणून वायपरचा इतिहास वाचून काढला. (एवढ्या संशोधनावर एखादा लेख तर निघालाच पाहिजे, हाही हिशोब होता. तो हा लेख!) वायपरचं पेटंट घेतलं एका बाईनं. अमेरिकेतल्या अलाबामाची मेरी अँडरसन. न्यूयॉर्कला फिरायला गेली असताना तिनं बघितलं की बर्फाळ पावसात ट्रामचा ड्रायव्हर समोरची काच उघडून, कुडकुडत, बाहेरचं बघत गाडी चालवतोय. तिनं आतून हातानं फिरवायचा रबराचा दांडा डिझाइन केला. 1903 मध्ये पेटंट मिळालं. पण कंपन्यांनी त्यात पैसा नाही म्हणून नाकारलं आणि पेटंटची मुदत संपेपर्यंत तिला दमडी मिळाली नाही. मग 2011 मध्ये तिला अमेरिकेच्या संशोधकांच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये जागा दिली. तोवर तिला जाऊन 58 वर्षं झाली होती.

दुसरे रॉबर्ट कर्न्स. थांबून थांबून फिरणारा वायपर, म्हणजे आपण भुरभुर पावसात लावतो तो, त्यांच्या डोक्यातून निघाला. 1953 मध्ये लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसलं आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. पुढे 1963 मध्ये पावसात गाडी चालवताना त्यांना प्रश्न पडला की पापणी जशी मधेमधे मिटते तसा वायपर का चालू नये? त्यातून पेटंट आलं आणि पेटंटपायी बड्या मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. कर्न्स जिंकले, पण संसार मोडला. त्यांच्यावर 2008 मध्ये 'फ्लॅश ऑफ जीनियस' नावाचा सिनेमाही आला.

सकाळी चहाला अण्णांना ही गोष्ट सांगितली. बूच उडालं तिथं ते खळखळून हसले. मग कपाकडे बघत म्हणाले, "एका डोळ्यावर गाडी चालवायचा म्हण की."

हेही माझ्या कानावरून गेलं.

काच स्वच्छ होती

दोन दिवसांनी रात्री नऊच्या गाडीनं भाऊ साईनगर शिर्डी स्टेशनवर उतरणार होता. त्याला आणायला अण्णा आणि मी निघालो. साकुरीच्या पुढे पाऊस सुरू झाला. मी तर त्याची वाटच बघत होते! अण्णांनी वायपर लावला. आवाज नाही. पट्टा नाही. प्रत्येक फेरीला काच लख्ख. मला रस्त्याकडेचे बोर्डसुद्धा वाचता येत होते.

"कसं काय अण्णा? शंभर रुपये वसूल की नाही?"

अण्णा काही बोलले नाहीत. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, पुढे झुकून बसले होते. समोरून गाडी आली की डोळे बारीक करत होते आणि गाडी हळूहळू डावीकडे ओढली जात होती. आणि डावीकडे, कडेला, बिनलाइटची, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मला ती केव्हाची दिसत होती. मी समजत होते अण्णांनाही दिसतेय.

"अण्णा, ट्रॉली!"

ब्रेक लागला. थोडक्यात वाचलो. किती थोडक्यात, ते मी आईला अजून सांगितलेलं नाही.

वायपर चालूच होता. शांतपणे, नीट. काच पुन्हा पुन्हा स्वच्छ होत होती. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "रबर बरोबर बसवलं नाही त्यानं."

मी म्हणाले, "अण्णा, मला सगळं दिसतंय."

एवढंच. याहून चांगलं वाक्य सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही. 31 वर्षं लोकांना सुखरूप घरी पोचवलेल्या माणसाला त्याच्या लेकीनं हे कसं सांगायचं, ते कुठं शिकवत नाहीत. थोड्या वेळानं अण्णांनी दार उघडलं, पावसात उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि काचेवर टकटक केली. मी ड्रायव्हर सीटवर सरकले. स्टेशनपर्यंत मीच चालवली. भावाला वाटलं, सहज म्हणून.

घरी आल्यावर आईला हळूच विचारलं. तर आईला माहीत होतं! "वर्षभरापासून टीव्हीपुढं खुर्ची सरकवून बसतात. पेपर रात्री वाचायचा सोडलाय. बल्बला उजेड नाही म्हणतात, दोनदा बल्ब बदलला." चाचांना काच धूसर नाही हे कळलं होतं. आईला बल्ब धूसर नाही हे कळलं होतं. मला मास कॉमच्या दोन वर्षांत शिकवलं होतं की बातमी दोन ठिकाणी तपासून घ्यायची. मी वायपरचा भाव पाच ठिकाणी तपासला. 'काय दिसंना' म्हणणाऱ्या माणसाला मात्र एकदाही विचारलं नाही, की नक्की काय दिसत नाही?

मोती

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजव्यात जास्त. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. दिवसा माणूस कसंबसं निभावतो, पण रात्री समोरचा प्रकाश त्या गढूळ भिंगावर विखुरतो आणि सगळं पांढरं होऊन जातं. नंबर बदलून काही होत नाही, भिंगच बदलावं लागतं. अण्णांचा पहिला प्रश्न होता, "पिकू द्यायचा ना अजून?" दुसरा, "हिवाळ्यात करू?" डॉक्टर हसल्या. या दोन्ही जुन्या काळच्या समजुती. आता लहानशी चीर देऊन, ध्वनिलहरींनी जुनं भिंग फोडून काढून घेतात आणि तिथं घडीचं कृत्रिम भिंग बसवतात. पिकायची वाट बघितली तर ऑपरेशन उलट अवघड होतं. ऋतूचाही काही संबंध नाही.

तरी अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी ओट्यावर मला म्हणाले, "तुला खरं सांगू? मला कळलं होतं. पण एकदा डोळ्याचं निघालं की चावी गेली."

त्यावर काय बोलणार? मी तंबाखूचा विषय काढला.

ऑक्टोबरमध्ये उजवा डोळा झाला, सकाळी नेलं आणि दुपारी घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अण्णांनी हॉलमधल्या भिंतीकडे बघितलं, मग आईला म्हणाले, "रंग कधी दिला गं?" रंग काही दिला नव्हता. भिंत पांढरीच होती. गढूळ भिंगातून त्यांना ती कित्येक महिने पिवळट दिसत होती आणि त्यांनी तेच खरं धरलं होतं. मग ते उठले, सत्काराच्या फोटोपाशी गेले, एक डोळा झाकून स्वतःकडे बघत बराच वेळ उभे राहिले. डावा डोळा डिसेंबरमध्ये झाला.

चावीचं म्हणाल तर वाटाघाटी चालू आहेत. दिवसा, गावात, डॉक्टर हो म्हणाल्यावर अण्णा चालवतील. रात्री आणि पावसात मी किंवा भाऊ. 'पावसात तू?' हे त्यांना अजून पूर्ण पटलेलं नाही. परवा अवकाळीची सर आली तेव्हा मी चालवत होते, ते शेजारी. सगळा वेळ ब्रेक नसलेल्या बाजूला पाय दाबत होते. "स्पीड कमी कर वायपरचा. एवढा पाऊस नाय." मी कमी केला. खरंच तेवढा नव्हता.

जाता जाता हिशोब. रबर 100 रुपये. अ‍ॅपवरचं पार्सल 299, गेले ते गेलेच. तुमच्या गाडीचं रबर मे संपायच्या आत एकदा बोटानं वाकवून बघा, इतकंच सांगणं. आणि घरात कुणी वारंवार काचेला किंवा बल्बला नावं ठेवत असेल, तर आधी त्याच्याशेजारी बसून एकदा रात्रीचा रस्ता बघून या.

अरे हो, 22 इंची दोन वायपर आमच्या माळ्यावर पडून आहेत, एकदम कोरे. कुणाच्या गाडीला बसत असतील तर सांगा. पण आधी टेपनं मोजून घ्या हं!